उपास आणि घरची लक्ष्मी



उसाच्या पाळ्या आपण तारीख लावून देतो. घरातल्या बाईच्या उपासाचेही असेच वेळापत्रक असते. महिन्याच्या दोन एकादशा, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, हरतालिका, मग नवरात्राचे नऊ दिवस. गंगाखेड तर जनाबाईंचे गाव. या मुलखात एकादशी मोडा म्हटले तर ऐकणार कोण? आम्हीही तसे म्हणत नाही. पण उपाशीपोटी चहावर दिवस काढून बाई उसात खुरपायला जाते, याचा विचार झाला पाहिजे.

त्यात अलीकडे नवा उपास आला. डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मराठवाड्यातून घरोघर नेली : दिवसात दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचे. वाढलेले वजन आणि साखर यांसाठी ती आहे. अंगावर मांस नसलेल्या सुनेने ती का करावी?

पाळीचा कारभार मेंदूतून चालतो. ठरावीक अंतराने तिथून इशारा सुटतो, मग अंडाशयाचे काम होते. अन्न कमी आणि कष्ट जास्त असे महिनोन्‌महिने चालले की मेंदू हा इशारा आखडता घेतो. गर्भ पोसायला शिलकीत काही नाही, असा त्याचा हिशेब. मोटार धड असून डीपीवरून फेजच येत नाही, तशी गत. पाळी लांबते, कधी बंदही पडते. इस्ट्रोजेन घटते, पुढे हाडे ठिसूळ होतात. एका एकादशीने हे होत नाही, रोजच्या अर्धपोटी राहण्याने होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाने २०२२ साली लठ्ठ स्त्रियांवरचा आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसातले चार ते सहा तासच खायचे, बाकी वेळ उपास. डीएचईए नावाचे एक संप्रेरक सुमारे १४ टक्के उतरले, तेही निरोगी मर्यादेतच; बाकीच्यांत फारसा फरक नाही. मात्र त्या बाया थोड्याच होत्या, आणि उन्हात खुरपे चालवणाऱ्या नव्हत्या.

आपल्याकडचे खरे दुखणे रक्ताचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. लोह नाही, प्रथिने नाहीत. त्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, रताळे, दूध, ताक बरे. चहा जेवणाला लागून नको, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. उपास नसेल त्या दिवशी भाकरीवर लिंबू पिळलेली पालेभाजी असावी. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी २०१८ साली आली. तिच्यात किलोला सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आहे, नेहमीच्या ज्वारीत ३० च्या आसपास. बांधापलीकडे दोन काकऱ्या घरासाठी पेरायला हरकत नाही.

गरोदर, अंगावर पाजणारी, साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी, यांनी निर्जळी उपास धरू नये. सासूबाईंनीच “यंदा राहू दे गं, मी धरते तुझ्या वाटचा” म्हटले तर सुनेला ते सोपे जाते. पाळी तीन महिने चुकली, चक्कर आली, डोळे पांढरे दिसले, तर आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. तोडणीच्या टोळीतल्या बायांनाही सोबत न्यावे.