पाचवा ठोकळा

सकाळी ६.४०
काल याच वेळेला तिने काचेचं नळकांडं हलवून टेबलावर ठेवलं होतं. हजार मिलिलिटरचं. आत पन्नास ग्रॅम लाल माती, पाणी आणि मातीचे कण सुटे ठेवणारं रसायन. वाळू अर्ध्या मिनिटात तळाला बसली. मग गाळ बसला. चोवीस तासांनंतरही जी बसलेली नाही ती खरी चिकणमाती. मुलगी वाकते, डोळा पाण्याच्या पातळीला आणते आणि हायड्रोमीटरवरचं रीडिंग घेते. थर्मामीटर २३ अंश दाखवतो. तेही लिहिते, कारण पाणी गरम झालं की रीडिंग बदलतं.

वहीत शाईचंच पेन. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. पहिल्या सहा महिन्यांत ती काय शिकली असेल तर हे.

ती सांगली जिल्ह्यातली, पलूस तालुक्यातली. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फेलोशिप महिना ३७,००० रुपये, त्यातले दहा हजार घरी जातात. विषय सिमेंट मिसळून दाबलेले मातीचे ठोकळे, न भाजलेले. इथे हे काम जुनं आहे. १९७४ साली अमूल्य रेड्डींनी खेड्यांसाठीच्या तंत्रज्ञानाचं ‘अस्त्र’ नावाचं केंद्र इथेच सुरू केलं, आणि मातीच्या ठोकळ्यांवर तेव्हापासून अभ्यास चालू आहे.

सकाळी ७.३०
इडली, वडा, कॉफी. दहा मिनिटं.

सकाळी ८.००
शेडमध्ये ओतकाम. ओतकाम म्हणायची पद्धत, प्रत्यक्षात सगळं फावडं आणि घमेलं. माती ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची. ढेकूळ राहिलं तर हाताने फोडायचं. बेंगळुरूची लाल माती फार फुगत नाही, पण नुसती वापरली तर चिकणमाती जास्त होते, म्हणून निम्मी वाळू. तिच्या गावची काळी माती इथे कुणी हातात धरत नाही. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. तिला सिमेंटपेक्षा चुना मानवतो.

एका ठोकळ्याला ३.६५ किलो माती, तेवढीच वाळू, ५१० ग्रॅम सिमेंट. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात पंचाण्णवच्या वर ठोकळे निघतात. हिशेब तिने शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवलाय. बांधणारा माणूस आधी तेच विचारतो, असं ती म्हणते.

सकाळी ८.५०
पाणी मारलं की घाई. सिमेंट कुणासाठी थांबत नाही, म्हणून सहा ठोकळ्यांचंच मिश्रण एका वेळी. प्रत्येक वेळी काट्यावर ८.७ किलो तोलायचं, साच्यात भरायचं, झाकण लावायचं आणि लांब दांडा ओढायचा. दांड्यावर दोघं. एक ती. दुसरे प्रयोगशाळेतले मदतनीस, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पंचावन्न वर्षांचे, कानडी बोलतात, इंग्रजी आकडे बोलतात, आणि मिश्रण मुठीत दाबून पाणी किती झालं ते सांगतात. ती यंत्रातून तेच काढते, एक दिवस उशिरा.

“स्वल्प निधान, मॅडम,” अण्णा म्हणतात. जरा हळू.

साचा ठरलेला, वजन ठरलेलं, म्हणजे घनता ठरलेली. पण हात ठरलेले नसतात. सहाव्या ठोकळ्यापर्यंत दांडा जड लागतो. सात टक्के सिमेंटवाले आधी आणि दहावाले नंतर केले, तर थकव्याचा फरक सिमेंटच्या नावावर जमा होईल. म्हणून कोणतं मिश्रण आधी, ते ती चिठ्ठ्या टाकून ठरवते. चिठ्ठ्या प्लास्टिकच्या डब्यात असतात. अण्णांना आधी हसू यायचं. आता डबा तेच पुढे करतात.

बाहेर पडलेला प्रत्येक ठोकळा पुन्हा तोलायचा, जाडी तीन ठिकाणी मोजायची. आज जाडी १०० ऐवजी १०२ मिलिमीटर भरतेय. झाकणाची पिन झिजलीय. ती काम थांबवत नाही, जाडी लिहिते आणि शेजारी ‘पिन’ असा शेरा मारते. मग गोणपाटाखाली सगळे रांगेत. अठ्ठावीस दिवस पाणी शिंपडायचं. रविवारीही.

सकाळी ११.३०
वर्ग. संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र. आजचा विषय: नमुने थोडे असले तर काय करायचं. शिक्षक गॉसेटची गोष्ट सांगतात. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीतला हा माणूस. त्याच्याकडेही नमुने मोजकेच असायचे, आणि मोजक्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हे त्याने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. मागच्या बाकावर दोघं झोपलेत. ती झोपत नाही, तिच्याकडे सहाच ठोकळे आहेत.

दुपारी १.००
जेवण. मेसमध्ये भात, सांबार, पोळी. पोळीबद्दल तिचं मत छापण्याजोगं नाही.

दिवसभर मी तिच्यासोबत आहे. आम्ही मुख्य इमारतीवरून चालत जातो. शहरात अजून लोक या संस्थेला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात, बसच्या थांब्यालाही त्याच नावाने हाक मारतात. लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण कमला मुंबईहून इथे १९३३ साली आली. वडील आणि काका दोघेही इथेच रसायनशास्त्र शिकलेले. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. ती हटली नाही. मग वर्षभर उमेदवारी, गाईड सांगतील तेव्हा रात्रीही काम, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, अशा अटींवर घेतली. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. १९३६ मध्ये एमएस्सी, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. पुढे कमला सोहोनी.

“मला कुणी अट घातली नाही,” ही मुलगी म्हणते. “ठोकळे फोडायच्या मशीनची वेळ मात्र रात्रीचीच उरते.”

दुपारी २.००
आज मशीन दुपारी मिळालंय. महिन्यापूर्वी केलेले सात टक्केवाले सहा ठोकळे दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलेत. ते ओलेच फोडायचे. कोरडा ठोकळा जास्त भार घेतो आणि आकडा छान दिसतो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आजोबांच्या घरात चार दिवस होतं. भिंती पुरात पडल्या नाहीत, पाणी ओसरल्यावर पडल्या. त्यामुळे कोरड्या आकड्यात तिला रस नाही.

ठोकळ्याच्या खाली-वर प्लायवुडचा पातळ तुकडा, म्हणजे भार सगळीकडे सारखा बसतो. मग सावकाश दाब. काटा चढतो, थबकतो, मागे येतो. आवाज फार होत नाही. कडा सुटतात, मधे डमरूसारखा भाग उरतो. ती आकडा मोठ्याने वाचते, मी लिहून घेतो, ती पुन्हा तपासते. १४१ किलोन्यूटन. १३६. १४९. १३८.

पाचवा १०२ वर गेला.

कुणी काही बोलत नाही. सहावा १४४.

दुपारी ३.१५
भाराला क्षेत्रफळाने भागायचं. सहाही धरले तर सरासरी ३.०९ मेगापास्कल, विचलन ०.३८. पाचवा वगळला तर ३.२४ आणि ०.१२. दुसरा आकडा कुठल्याही लेखात शोभेल.

ती फुटलेला पाचवा ठोकळा उलटसुलट करते. आत लिंबाएवढा मातीचा गोळा, सिमेंट न लागलेला. चाळणीतून सुटलेला नाही, मिसळताना पुन्हा वळलेला. कारण सापडलं. आता तर वगळायला हरकत नाही?

दुपारी ३.४०
गाईडच्या खोलीत. सर आकडे बघतात. विचारतात, बाकीचे पाच फोडून आत बघितलेस का?

नाही.

मग त्यांच्यात गोळे नाहीत हे कशावरून?

ती परत जाते. पाचही फोडते. दोघांत गोळे सापडतात, लहान, सुपारीएवढे. त्यातला एक १४९ वाला, सगळ्यात मजबूत.

सर पुन्हा एवढंच म्हणतात की काय वगळायचं तो नियम ठोकळा मशीनवर ठेवण्याआधी वहीत लिहायचा. आकडा पाहून लिहिलेला नियम चालणार नाही. आवाज चढत नाही. मला वाटतं, चढला असता तर तिला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी ५.००
पीण्या औद्योगिक वसाहतीत, नवी पिन करून घ्यायला. बसचं तिकीट काढावं लागतं. कर्नाटकातल्या बायकांना २०२३ पासून सरकारी बस फुकट आहे, पण हिच्या आधारवर पत्ता सांगलीचा. लेथवाल्याचं दुकान दहा बाय बाराचं. जुनी पिन तो अंगठ्याने चाचपतो आणि मोजायच्या आधीच सांगतो, अर्धा मिलिमीटर गेलाय. कॅलिपर लावल्यावर ०.६ निघतो. साडेतीनशे रुपये. जीएसटीचं बिल नाही, म्हणजे संस्थेकडून परतावा नाही. खिशातून देते आणि वहीच्या शेवटच्या पानावर टिपते. त्या पानाची बेरीज ती करत नाही.

रात्री ८.१५
आईचा फोन. “जेवलीस का गं?” मग, “झाली का भिंत उभी?”

“भिंत नाही बांधत आई, ठोकळे फोडते.”

“बांधायच्या आधीच?”

मागून वडिलांचा आवाज येतो, पोत्यामागे किती निघतात विचार. ती सांगते, पंचाण्णव. ते म्हणतात, बरे आहेत.

रात्री ९.३०
संगणकावर आलेख. सात टक्क्यांच्या रेषेवर सहा ठिपके, पाचवा खाली एकटा, तोही काळा आणि तेवढाच मोठा. वहीत नवीन पान: इथून पुढे प्रत्येक ठोकळा फोडून आतला गोळा मोजायचा, पाच मिलिमीटरच्या वरचा प्रत्येक. मिसळायची वेळ चारऐवजी आठ मिनिटं करून सहा ठोकळे, जुन्या पद्धतीने सहा, चिठ्ठ्या टाकून. काहीही वगळायचं नाही. खाली तारीख आणि सही.

ती सरांना आलेख पाठवते. वीस मिनिटांत उत्तर येतं, एका ओळीचं: मिसळणारा माणूस दोन्ही वेळा तोच असेल का?

ती अण्णांना मेसेज करते, गुरुवारी सकाळी आहात ना. मग मशीनच्या नोंदवहीचा फोटो उघडते. गुरुवारी ओतले तर अठ्ठावीस दिवस, वर भिजवायचे दोन. त्या शनिवारी दुपारच्या सगळ्या वेळा गेलेल्या आहेत. रात्री दहा ते बारा मोकळं आहे. ती तिथे नाव घालते.