एक फाईल, अख्खी हार्ड डिस्क

‘जुनं यंत्र, नवा पडदा’ : लेखांक सातवा

आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. कंपायलर एका फ्लॉपीवर, आपला मजकूर दुसऱ्या फ्लॉपीवर आणि मध्येच लिंकरसाठी फ्लॉपी बदला, असं ते काम चाले. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला आणि त्याच्या पेटीतच १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. सोबतच्या डॉस २.० मध्ये डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी करण्याची सोय आली. हेडर फायली एका जागी, लायब्ररी दुसऱ्या जागी, आपलं काम तिसऱ्या जागी, ही आज आपल्याला जन्मजात वाटणारी मांडणी डॉसवाल्यांना तिथून मिळाली. त्यामुळे जुन्या पीसीवर प्रोग्रॅमिंग कसं होत असे ते इम्युलेटरमध्ये अनुभवायचं असेल, तर मागच्या आठवड्यात पाहिलेली फ्लॉपीची इमेज पुरत नाही. हार्ड डिस्कची इमेज लागते. तिची घडण समजून घेतली की पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

कच्ची इमेज म्हणजे डिस्कवरचे सगळे सेक्टर क्रमानं एकापुढे एक लिहून ठेवलेली साधी फाईल. एक्सटीमध्ये बसवल्या गेलेल्या सीगेट एसटी-४१२ या डिस्कचं उदाहरण घेऊ. ३०६ सिलिंडर, ४ हेड, एका ट्रॅकवर १७ सेक्टर आणि सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार करा, १,०६,५३,६९६ बाइट येतात. या डिस्कची इमेज बरोबर तेवढ्याच आकाराची असते, डिस्क भरलेली असो वा रिकामी. सिलिंडर १००, हेड २, सेक्टर ५ इमेजमध्ये कुठे सापडेल? सिलिंडरला हेडच्या संख्येनं गुणा, त्यात हेडचा क्रमांक मिळवा, आलेल्या आकड्याला १७ नं गुणा आणि सेक्टरच्या क्रमांकातून एक वजा करून तो त्यात मिळवा. सिलिंडर आणि हेड शून्यापासून मोजतात, सेक्टर मात्र एकपासून, म्हणून ती वजाबाकी. उत्तर ६,८३८. त्याला ५१२ नं गुणलं की फाईलच्या सुरुवातीपासून ३५,०१,०५६ बाइटवर तो सेक्टर सुरू होतो. हा हिशोब एकदा तरी कागदावर करून पाहावा असा माझा आग्रह आहे. बायोसच्या इंटरप्ट १३ ला प्रोग्रॅम सिलिंडर, हेड आणि सेक्टर सांगतो आणि इम्युलेटर प्रत्येक वेळी हीच आकडेमोड करून फाईलमधले बाइट त्याच्या हाती देतो.

पहिला सेक्टर खास असतो. त्याच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट बूट होण्याच्या कोडसाठी, पुढचे ६४ बाइट चार विभाजनांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे दोन बाइट सहीसाठी. हेक्साडेसिमलमध्ये ५५ आणि एए ही ती सही. हेक्स एडिटरमध्ये इमेज उघडून ती शोधा. सापडली नाही, तर या डिस्कवर विभाजनं पाडणारं एफडिस्क अजून चाललेलंच नाही असं समजा.

आता मुख्य अडचणीकडे येतो. कच्च्या इमेजच्या पोटात तिची भूमिती कुठेही अधिकृतपणे नोंदलेली नसते. सिलिंडर किती, हेड किती, ट्रॅकवर सेक्टर किती, हे इम्युलेटरला आपण सांगायचं असतं. ते चुकलं की काय होतं पाहा. जुन्या डॉसमध्ये पहिलं विभाजन सहसा सिलिंडर ०, हेड १, सेक्टर १ पासून सुरू होतं. ट्रॅकवर १७ सेक्टर असतील तर ही जागा फाईलमध्ये १७ सेक्टरनंतर येते, ६३ असतील तर ६३ नंतर. म्हणजे १७ च्या हिशोबानं बनवलेली इमेज आपण ६३ म्हणून जोडली, तर बूट कोड भलताच सेक्टर उचलतो, त्याच्या शेवटी सही दिसत नाही आणि पडद्यावर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ उमटतं. डेटा सगळा शाबूत असतो, पत्ता तेवढा चुकलेला असतो. अशा वेळी घाबरून फॉरमॅट करू नका. भूमिती तपासा. माझी एक साधी शिफारस आहे: फाईलच्या नावातच ती लिहा, ‘डॉस३३-६१५-४-१७’ अशी. व्हीएचडी प्रकारच्या इमेजमध्ये भूमिती शेवटच्या ५१२ बाइटांत नोंदलेली असते आणि ८६बॉक्ससारखा इम्युलेटर ती वाचतो, हा त्या प्रकाराचा मोठा फायदा.

इमेज केवढी करावी? आजच्या मानानं काही जीबी सहज देता येतील, पण जुन्या डॉसला ती पेलणार नाही. डॉस ३.३ पर्यंत विभाजनातल्या सेक्टरचा क्रमांक १६ बिटांत मावावा लागे. ६५,५३६ सेक्टर, म्हणजे ३२ एमबी, ही त्याची हद्द. १९८८ च्या डॉस ४.० नं ती ओलांडली. पुढची भिंत ५०४ एमबीची, आणि ती बायोस व आयडीई डिस्क यांच्यातल्या बेबनावातून उभी राहिली. बायोस जास्तीत जास्त १,०२४ सिलिंडर आणि ट्रॅकवर ६३ सेक्टर मानतो, आयडीई १६ पेक्षा जास्त हेड मानत नाही. दोघांच्याही मर्यादा पाळल्या की ५२,८४,८२,३०४ बाइटच उरतात. डॉस ३.३ साठी ३२ एमबीच्या आत आणि डॉस ६.२२ साठी शंभर-दोनशे एमबी एवढी इमेज प्रोग्रॅमिंगला पुरून उरते. टर्बो पास्कल ३.०२ ची मुख्य फाईल, संपादक आणि कंपायलर धरून, ३९,७३१ बाइटची होती हे आठवलं की शंभर एमबी किती ऐसपैस आहे ते कळतं.

इथे कोणी विचारेल की एवढा खटाटोप कशाला. डॉसबॉक्समध्ये आपल्या संगणकावरचं फोल्डर ‘सी’ ड्राइव्ह म्हणून जोडता येतं. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या आणि बीएस्सीच्या मुलांनी निळ्या पडद्याचं टर्बो सी++ वर्षानुवर्षं असंच चालवलं आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीसाठी ते ठीकच आहे. पण त्या ‘सी’ ड्राइव्हला बूट सेक्टर नसतो, फायलींच्या जागांची नोंद ठेवणारी फॅट नसते, जागा वाटून देण्याचे क्लस्टर नसतात. खाली चालतं ते डॉसही डॉसबॉक्सनं स्वतः उभं केलेलं असतं. डिस्कचे सेक्टर थेट वाचणारा प्रोग्रॅम लिहायचा असेल, पुसलेली फाईल परत कशी मिळते ते शिकायचं असेल, डिव्हाइस ड्रायव्हर किंवा स्वतःचा बूट कोड लिहायचा असेल, तर फोल्डर कामाचं नाही. एक्सटीच्या १० एमबी डिस्कवर डॉस २.० चा क्लस्टर ४ केबीचा होता, म्हणून ६० बाइटची फाईलसुद्धा ४,०९६ बाइट अडवून बसे. तेव्हाचे प्रोग्रॅमर लहान लहान फायली एकत्र का बांधत, हे खऱ्या डॉसची खरी इमेज वापरल्यावर कोणी न सांगता कळतं. शिकण्यासाठी इमेजच वापरा, असं माझं ठाम मत आहे.

मात्र आपला सोर्स कोड कायमचा इमेजमध्ये ठेवू नका. इमेज हे कामाचं टेबल आहे, कपाट नाही. गिटला इमेज म्हणजे बाइटांचा एक मोठा गठ्ठाच दिसतो, कुठली ओळ बदलली ते त्याला सांगता येत नाही. सोर्स बाहेरच्या संगणकावर ठेवा, लिनक्सवर एमटूल्सनं इमेजमध्ये न्या, कंपाइल करा आणि हवी ती फाईल बाहेर आणा. एमटूल्सला विभाजन कुठे सुरू होतं ते बाइटमध्ये सांगावं लागतं. ट्रॅकवर ६३ सेक्टर असतील तर ६३ गुणिले ५१२, म्हणजे ३२,२५६. नेताना दोन गोष्टी सांभाळा. डॉसमध्ये फाईलचं नाव आठ अक्षरांचं आणि पुढे तीन अक्षरांचं एवढंच असतं, आणि ओळीचा शेवट दोन बाइटांनी होतो, लिनक्ससारखा एकानं नाही.

आणि एक पथ्य कडक पाळा: इम्युलेटर चालू असताना तीच इमेज बाहेरून उघडून तिच्यात लिहू नका. आतल्या डॉसनं फॅटचे काही सेक्टर स्वतःच्या मेमरीत धरून ठेवलेले असतात. आपण बाहेरून नवी फाईल घातली हे त्याला कळत नाही. मग ते जुनी फॅट परत लिहितं आणि दोन फायली एकाच क्लस्टरवर हक्क सांगू लागतात. डॉसचा कॅश प्रोग्रॅम स्मार्टड्राइव्ह लिहिणं लांबणीवर टाकत असेल तर धोका आणखी वाढतो. इम्युलेटर बंद करा, मग इमेजला हात लावा.

इमेजची खरी श्रीमंती चुका करण्याच्या मोकळिकीत आहे. फ्रीडॉस किंवा डॉस बसवून, कंपायलर टाकून, सगळं नीट चालतं आहे अशी खात्री झाली की त्या इमेजला ‘फक्त वाचा’ करून बाजूला ठेवा. प्रयोगासाठी तिची प्रत घ्या. क्यूएमूच्या क्यूकाउ२ प्रकारात प्रतही लागत नाही. मूळ इमेज तशीच राहते आणि बदललेले भाग तेवढे वेगळ्या फाईलमध्ये जातात. बूट सेक्टरवर चुकून शून्यं लिहिली गेली? ती छोटी फाईल फेकून द्या. १९८५ मध्ये हीच चूक प्रोग्रॅमरला अख्ख्या डिस्कची किंमत मोजायला लावी.

इमेज म्हणजे यंत्र नव्हे, हेही लक्षात असू द्या. टर्बो पास्कल ७ मध्ये केलेला एखादा प्रोग्रॅम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडला, तर दोष इमेजचा नाही. त्याचं सीआरटी युनिट सुरुवातीला घड्याळाच्या एका ठोक्यात किती फेऱ्या होतात ते मोजतं आणि त्या आकड्याला ५५ नं भागतं. प्रोसेसर फार वेगवान असला की भागाकार १६ बिटांत मावत नाही. इम्युलेटरमध्ये ३८६ निवडा, प्रोग्रॅम निमूट चालेल.

यंत्र नसलं तरी त्यावरचे बाइट इमेजमध्ये टिकतात, म्हणूनच एक विषय मला कळकळीनं मांडायचा आहे. पुण्याच्या सी-डॅकनं डॉसच्या काळात भारतीय लिपींसाठी जिस्ट कार्ड दिलं, आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक आलं. त्या काळात टंकलेला मराठी मजकूर आजही जुन्या डिस्कवर पडून असणार. इमेजमध्ये कार्ड येत नाही, पण बाइट सगळे येतात, आणि इस्कीतला मजकूर तक्त्यानुसार युनिकोडमध्ये आणता येतो. तुमच्या घरी, छापखान्यात किंवा संस्थेच्या माळ्यावर जुना पीसी असेल तर तो भंगारात देण्याआधी त्याची इमेज काढा. बऱ्याच आयडीई डिस्क साध्या यूएसबी अडॅप्टरनं जोडता येतात. एक्सटीच्या काळातल्या डिस्कला मात्र तिचाच कंट्रोलर लागतो, म्हणून तो सोबत जपा. डिस्क कुरकुरत असेल तर डीडीरेस्क्यू वापरा, तो आधी चांगले भाग वाचून घेतो आणि खराब भागांकडे नंतर वळतो. काढलेल्या इमेजच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि काम नेहमी तिसऱ्या प्रतीवर करा.

पुढच्या आठवड्यात याच इमेजमध्ये ५१२ बाइटांचा आपला स्वतःचा बूट सेक्टर लिहू. त्याआधी ३२ एमबीची एक इमेज तयार करून तिच्यावर एफडिस्क आणि फॉरमॅट चालवून ठेवा.