वाटीभर चेंडोल आणि आंबेमोहोराचा वास

मुळशीचा आंबेमोहोर शिजायला लागला की शेजारच्या घरालाही कळतं. तोच वास सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे फेरीवाल्यांच्या छपराखालच्या खाऊबाजारात येतो, आणि तोही एका बर्फाच्या वाटीतून, जिच्यात भाताचं शीतसुद्धा नाही! आपल्या नाकाला भास झाला असं वाटतं. पण नाक खरं तेच सांगत असतं.

त्या वाटीत असतो चेंडोल: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, काळसर गुळाचा पाक आणि हिरव्या, बुळबुळीत शेवया. शेवयांना वास देतं ते पांदान, केवड्याच्या कुळातलं लांब पातीचं झाड. आंबेमोहोर, बासमती आणि पांदान या तिघांच्या सुगंधामागे मुख्यतः एकच रेणू आहे, २-अॅसिटिल-१-पायरोलिन. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली भातातला हा रेणू दाखवून दिला आणि पुढच्याच वर्षी पांदानच्या पानातला. पानात त्याचं प्रमाण सुवासिक तांदळाच्या सुमारे दहापट निघालं. एक हजार कोटी भाग पाण्यात त्याचा एक भाग असला तरी माणसाला त्याचा वास येतो. याहून नवलाची गोष्ट म्हणजे पांदानला बी धरत नाही. ते वाढतं फुटवे लावून, म्हणजे माणसाच्या हातानेच. आज जिथे जिथे पांदान आहे, तिथे ते कुणीतरी मुद्दाम नेऊन लावलेलं आहे. कोकणात आणि मुंबईत अनेकांच्या दारच्या कुंडीतही ते असतं आणि साध्या तांदळाच्या भातात त्याचं एक पान टाकलं जातं.

शेवया करताना पाहण्यासारख्या असतात. तांदळाचं किंवा मुगाचं सत्त्व पांदानच्या रसात कालवून विस्तवावर घोटत राहायचं. आधी गढूळ, पातळ असलेलं पीठ बघता बघता चकचकीत आणि चिवट होतं, कारण पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. मग तो गरम गोळा मोठ्या भोकांच्या झाऱ्यावरून दाबून, सोऱ्यातून शेव पाडावी तसा, थेट बर्फाच्या पाण्यात सोडायचा. पाण्याला टेकताच प्रत्येक थेंब आखडतो: मध्ये जाड, टोकांना निमुळता. थंडाव्याने स्टार्चच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्यांच्या जाळीत पाणी अडकून बसतं. मुंबईच्या फालुद्याची शेवही याच युक्तीने होते.

माझ्या मते वाटीचा खरा जीव मात्र गुळात आहे. हा गूळ म्हणजे गुला मलाका, माडाचा गूळ. न उमललेली पोय कापून तिचा रस धरायचा, तो आंबायच्या आत कढईत आटवायचा आणि बांबूच्या नळकांड्यांत ओतायचा. आटताना रसातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात. त्यातूनच तो भाजका, किंचित धुरकट स्वाद येतो. गोव्यात हाच गूळ काळ्याभोर सुळक्यांच्या आकारात विकतात. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि हा गूळ तासन्‌तास घोटून केलेला दोदोल गोव्यात नाताळला लागतो आणि मलेशियातल्या मलाक्यातही होतो. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकला १५१० मध्ये आणि मलाका १५११ मध्ये. त्यानंतर शतकभराहून अधिक काळ ही दोन्ही बंदरं एकाच सत्तेखाली होती.

आता बर्फाची करामत. जिभेला गोडी कळवणारी यंत्रणा थंडीत मंदावते. म्हणून पहिला घास बेताचा गोड लागतो आणि बर्फ वितळेल तशी गोडी वाढत जाते. त्याचबरोबर नारळाच्या दुधातली चरबी साधारण २४ अंशांखाली थिजते, हिवाळ्यात पुण्यात खोबरेल बाटलीत गोठतं तशीच. दुधाला बर्फ भेटला की ते दाट का लागतं, याचं एक उत्तर त्यात आहे.  वर घातलेले राजमे किंवा लाल चवळीचे दाणे मला अनावश्यक वाटतात, पण सिंगापूरकरांना ते हवेच असतात.

तिथल्या आजी-आजोबांना याच चवीत रस्ता आठवतो. पन्नास-साठच्या दशकांत फेरीवाला बर्फ किसून, हातानेच दाबून गोळा करायचा, कधी आत लाल दाणे भरायचा आणि वर रंगीत पाक ओतायचा. मुलं तो उघड्या हातात धरून चोखायची. आपल्या चौपाटीवरचा गोळा त्याचाच भाऊबंद, फक्त त्याला काडी असते. १९७१ ते १९८६ या काळात सरकारने नळ, गटारं आणि छप्पर असलेली केंद्रं बांधून फेरीवाल्यांना रस्त्यावरून तिथे नेलं. २०२० मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. जे पदार्थ रस्त्यावर हातगाडीवरून विकले जायचे, त्यांना एक कायमचा गाळा मिळाला.

तिथे गेलात तर वाटी हातात येताच आधी शेवयांचा रंग पाहा. लखलखीत पोपटी असेल तर तो बहुधा बाटलीतला. पांदानच्या पानाचा हिरवा शिजल्यावर मंद, थोडा शेवाळी होतो. काही जण तो टिकावा म्हणून पिठात चुन्याची निवळी घालतात. त्याने शेवयांना चावायला थोडा ताठपणाही येतो. आणि ढवळायची घाई करू नका. आधी चमचा कडेने खाली घाला, तळाशी बसलेला गूळ थोडा उचला आणि शेवयांसकट तसाच खा.