वेष पालटणाऱ्या जहाजांच्या खुणा

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सहायक क्रूझरवरच्या नाविकांच्या वस्तू गोळा करून त्यांचा पूर्वेतिहास शोधणे हे काम अवघड आहे, आणि ते अवघड का, याचे उत्तर त्या जहाजांच्या स्वरूपातच दडलेले आहे. सहायक क्रूझर, म्हणजे जर्मन भाषेतील हिल्फ्सक्रॉयत्सर, हे मुळात साधे मालवाहू जहाज. त्याच्यावर १५ सेंटिमीटरच्या तोफा, पाणतीर आणि एखाददुसरे समुद्री विमान खोट्या झडपांआड दडवून, तटस्थ देशाच्या किंवा शत्रूच्याच एखाद्या व्यापारी जहाजाचे रंगरूप त्याला देऊन, ते महासागरात एकटे सोडले जाई. अशी नऊ जहाजे प्रत्यक्ष मोहिमेवर गेली. स्वतःची ओळख लपवूनच जी तगत होती, त्या जहाजांवरील माणसांच्या वस्तूंवर जहाजाचे नाव क्वचितच आढळते, आणि म्हणूनच ज्या वस्तूवर ते नाव ठळकपणे झळकते तिच्याकडे जाणकार संग्राहक आधी संशयानेच पाहतो.

नाविकाच्या टोपीभोवतीची काळी फीत हे याचे सर्वांत सोपे उदाहरण होय. शांततेच्या काळात या फितीवर सोनेरी अक्षरांत जहाजाचे नाव विणलेले असे. युद्धाच्या तोंडावर गुप्ततेसाठी ही नावे काढून घेण्यात आली आणि सर्वांच्या टोपीवर केवळ ‘क्रीग्जमरीने’, म्हणजे युद्धनौदल, एवढा एकच शब्द उरला. ‘अटलांटिस’ असे नाव विणलेली फीत विक्रीस आली, तर ती कितीही जुनाट दिसो, तिच्यावर विश्वास ठेवण्यास आधार नसतो. कार्यालयीन कागदांत या जहाजांना क्रमांक होते. अटलांटिस म्हणजे ‘शिफ १६’, पेंग्विन म्हणजे ‘शिफ ३३’, कोर्मोरान म्हणजे ‘शिफ ४१’. ब्रिटिश नौदल त्यांना अक्षरांनी ओळखत असे आणि त्या यादीत अटलांटिस ‘सी’, पेंग्विन ‘एफ’ तर कोर्मोरान ‘जी’ होते. त्याआधी व्यापारी जीवनात अटलांटिसचे नाव गोल्डनफेल्स होते आणि मोहिमेत त्याने घेतलेली सोंगे आणखी वेगळी, तेव्हा एकाच जहाजाच्या या सर्व नावांचे कोष्टक हाताशी असल्याशिवाय संशोधकाला पुढे पाऊल टाकता येत नाही.

या क्षेत्रातील सर्वाधिक मागणी असलेली वस्तू म्हणजे सहायक क्रूझर युद्धबिल्ला. ॲडमिरल रेडर यांनी तो २४ एप्रिल १९४१ रोजी सुरू केला. ओकच्या पानांच्या वेष्टनात पृथ्वीच्या गोलावरून जाणारे वायकिंग जहाज असे त्याचे रूप असून वर गरुड आणि स्वस्तिक आहे. तांबे आणि जस्त यांच्या टोम्बाक नावाच्या मिश्रधातूत घडवलेल्या आरंभीच्या बिल्ल्यांत चंदेरी गोल वेगळा बनवून रिव्हेटने बसवलेला असतो, तर युद्ध लांबल्यावर तांब्याची टंचाई होऊन साधे जस्त वापरात आले आणि त्यावरचा सोनेरी मुलामा लवकर काळवंडू लागला. पारखी माणूस म्हणून बिल्ला आधी उलटा करतो: रिव्हेटचे डोके, टाचणीची बिजागरी, कडांवरील कानशीच्या खुणा आणि वजन या गोष्टी दर्शनी बाजूपेक्षा अधिक प्रामाणिकपणे बोलतात. मात्र अस्सल ठरलेला बिल्लादेखील केवळ धातूच असतो. तो कोणाच्या छातीवर होता हे धातू सांगत नाही.

ते कागद सांगतात, आणि या कामाचा खरा गाभा तेथेच आहे. नाविकाजवळ सदैव असणारे झोल्डबुख, म्हणजे वेतन आणि ओळखीची पुस्तिका, बिल्ल्यासोबत दिले जाणारे प्रमाणपत्र, विषुववृत्त ओलांडल्यावर थट्टामस्करीच्या विधीनंतर मिळालेला ‘नामकरणाचा’ दाखला, फेल्डपोस्टची म्हणजे लष्करी टपालाची पत्रे, ज्यांवर ठिकाणाऐवजी फक्त क्रमांक असे, ही सारी एकमेकांना ताडून पाहावी लागतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला तर त्यात युद्धोत्तर काळात रूढ झालेली शुभ्रकारक द्रव्ये आहेत, म्हणजे तो बनावट आहे, असे समजावे. इतिहासाशी ताडून पाहणे ही याहूनही कडक कसोटी आहे. कोमेट हे क्रूझर १४ ऑक्टोबर १९४२ रोजी दुसऱ्या मोहिमेच्या आरंभीच फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि त्यावरील एकही माणूस वाचला नाही. त्या शेवटच्या सफरीतून वाचलेल्या नाविकाचा म्हणून दाखवला जाणारा संच या एका तथ्यापुढे कोसळतो.

छायाचित्रांचा अभ्यास मात्र विशेष समृद्ध आहे. अटलांटिसने नॉर्वेचा किनारा सोव्हिएत ‘किम’ या रूपात पार केला, पुढे ते जपानी ‘कासी मारू’ झाले, हिंदी महासागरात डच ‘ॲबेकेर्क’ बनले आणि शेवटच्या क्षणी ‘पॉलिफेमस’ असल्याची बतावणी करत असताना २२ नोव्हेंबर १९४१ रोजी ब्रिटिश क्रूझर डेव्हनशरने त्याला बुडवले. प्रत्येक सोंगासाठी धुराड्याचा रंग, डोलकाठ्या आणि वायुनलिकांची मांडणी बदलली जाई, आणि हे बदल जहाजाच्या युद्ध-रोजनिशीत तारखांसह नोंदवलेले असत. १९४५ मध्ये ब्रिटिशांनी तांबाख येथे ताब्यात घेतलेले जर्मन नौदलाचे दप्तर पुढे जर्मनीला परत मिळाले आणि आता फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहे. त्या नोंदी समोर ठेवून अल्बममधील एखादे धूसर छायाचित्र न्याहाळले, तर धुराड्याच्या रंगछटेवरून त्याचा महिना ठरवता येतो. केर्गेलेन बेटावर १९४० च्या नाताळाच्या सुमारास घेतलेल्या छायाचित्रांत एका कबरीचेही दर्शन घडते. जहाजाला नवे सोंग देण्यासाठी रंगकाम करताना उंचावरून पडलेल्या नाविकाची ती कबर पाहताना वेषांतराची किंमत काय होती हे कळते.

काय टिकले आणि काय नाही, यालाही प्रत्येक जहाजाचे भवितव्य कारण आहे. अटलांटिसचे वाचलेले लोक पायथॉन या पुरवठा जहाजावर गेले, तेही १ डिसेंबरला बुडाले, आणि अखेर पाणबुड्यांतून ते फ्रान्सला पोहोचले. दोनदा समुद्रात पडलेल्या माणसांजवळ अल्बम कोठून असणार? कोर्मोरानचे तसे नाही. १९ नोव्हेंबर १९४१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या क्रूझरशी झालेल्या लढाईत दोन्ही जहाजे गेली, सिडनीवरील सर्व ६४५ माणसे मृत्यू पावली, तर कोर्मोरानचे ३१८ जण वाचून १९४७ पर्यंत ऑस्ट्रेलियात कैदेत राहिले. त्यांच्या कप्तानाने, डेट्मर्स यांनी, लढाईचा वृत्तान्त शब्दकोशातील अक्षरांखाली बारीक ठिपके देऊन लिहून ठेवला. या शाखेतील सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे विचारले, तर सोन्याच्या मुलाम्याच्या बिल्ल्याऐवजी त्या शब्दकोशाकडेच बोट दाखवावे लागेल. २००८ च्या मार्चमध्ये दोन्ही जहाजांचे अवशेष समुद्रतळाशी सापडले. कायद्याने ते संरक्षित असून तेथून काहीही उचलता येत नाही, आणि हे योग्यच आहे.

बाजारात मात्र याच्या उलट घडते. एका नाविकाच्या कुटुंबाकडून आलेला संच फोडून बिल्ला एकाला, झोल्डबुख दुसऱ्याला आणि अल्बमची पाने सुटी सुटी विकली जातात, कारण तुकड्यांची बेरीज अधिक भरते. एकदा विस्कटलेला असा संच पुन्हा जुळणे जवळजवळ अशक्य असते, आणि त्यासोबत एका माणसाचा इतिहास कायमचा नष्ट होतो. नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन जर्मन कायद्याने निषिद्ध असून संशोधन आणि शिक्षणास त्यातून सूट आहे. पण सुटा बिल्ला मिरवण्याची वस्तू होतो, आणि कागदांसह असलेला बिल्लाच पुरावा ठरतो.

या इतिहासाची दुसरी बाजू मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत येते. गोल्डनफेल्स आणि पेंग्विनचे मूळ जहाज कांडेलफेल्स ही ब्रेमेनच्या ज्या हान्सा कंपनीची होती, तिचा मुख्य व्यापारच हिंदुस्थानशी होता. पहिल्या महायुद्धात त्याच कंपनीच्या जहाजापासून बनवलेल्या ‘वोल्फ’ने मुंबईबाहेर पेरलेल्या सुरुंगावर आदळून २३ जून १९१७ रोजी ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज बुडाले होते. दुसऱ्या युद्धात पकडल्या गेलेल्या ब्रिटिश जहाजांवर मोठ्या संख्येने हिंदी खलाशी होते, आणि रत्नागिरीचे डेकवरचे लोक व गोव्याचे खानसामे हा त्या काळच्या अशा नोकरवर्गाचा नित्याचा भाग होता. अटलांटिसच्या कैद्यांना घेऊन निघालेले टिरान्ना जहाज २२ सप्टेंबर १९४० रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश पाणबुडीच्याच पाणतीराने बुडाले तेव्हा मेलेल्यांत हे खलाशीही होते. जे वाचले त्यांच्यापैकी अनेक जण ब्रेमेनजवळच्या मिलाग नोर्ड या व्यापारी नाविकांच्या छावणीत गेले. त्या छावणीचा शिक्का असलेले कैद्याचे कार्ड हे या संग्रहातील बिल्ल्याइतकेच अधिकृत साधन आहे, आणि त्याला तीच पद्धत लागू पडते: खलाशाचे जहाज कळले की त्याला पकडणारे क्रूझर कळते, सिटी ऑफ बगदाद असेल तर अटलांटिस, ११ जुलै १९४०, नोव्शेरा असेल तर पेंग्विन, १८ नोव्हेंबर १९४०.