भट्टीतली ऊब पायावर

चिंचेच्या झाडावरून पडून नडगीचं हाड मोडलं, की बीड जिल्ह्यातल्या पुष्कळ मुलांची गाडी अंबाजोगाईकडे वळते. तिथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, महाविद्यालय 1974 सालचं. पायाला सूज असेल तर आधी बहुधा ‘कच्चं’ प्लास्टर घालतात, म्हणजे पायाच्या एका बाजूनेच. सूज उतरली की ‘पक्कं’, चहूबाजूंनी. हे पक्कं घालताना रडू आवरून नीट बघा बरं का, बघण्यासारखं असतं!

आधी पायावर मऊ सुती मोजा चढतो, त्यावर कापसाचे थर. मग डॉक्टर प्लास्टरची गुंडाळी पाण्यात बुडवतात. बुडबुडे थांबले की हलकेच पिळतात, पायाभोवती गुंडाळतात आणि तळहाताने चोळून गुळगुळीत करतात. पाचेक मिनिटांत ती गार, लिबलिबीत पट्टी कडक होते आणि चक्क गरम लागायला लागते. चूल नाही, वीज नाही, मग ऊब आली कुठून?

भट्टीतून! प्लास्टरची पूड जिप्सम नावाच्या दगडापासून करतात. आपल्या देशात हा दगड मुख्यतः राजस्थानात मिळतो. त्याच्या कणाकणात पाणी बांधलेलं असतं. सुमारे 150 अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं पाऊण पाणी निघून जातं आणि उरतं प्लास्टर ऑफ पॅरिस. हो, गणपतीच्या मूर्तींचं आणि फळ्यावरच्या खडूंचं तेच! पाणी सोडताना दगडाने भट्टीची उष्णता घेतलेली असते. बादलीत पाणी परत मिळालं की पुडीचं पुन्हा जिप्सम होतं आणि घेतलेली उष्णता बाहेर पडते. सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंततात, म्हणून पट्टी कडक होते. म्हणजे तुमच्या पायावर, तुमच्याच मापाचा दगड तयार होतो! मला तर हे जादूपेक्षा भारी वाटतं.

पूर्वी युरोपात खळ लावलेल्या पट्ट्या बांधत. त्या वाळायला दोन-तीन दिवस लागायचे, तोवर हाड पुन्हा हलायचं. नेदरलँड्सचे लष्करी डॉक्टर अँटोनियस मथायसन यांनी कापडी पट्ट्यांत कोरडं प्लास्टर चोळून ठेवायची युक्ती काढली आणि 1852 मध्ये ती छापून सगळ्यांना सांगितली.

प्लास्टर कडक लवकर होतं, पण आतून वाळायला एक ते तीन दिवस लागतात. पुढेही ते भिजलं की मऊ पडतं. आईबाबांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांना तर कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, दव, चिखल, ओलं पाचट या सगळ्यांपासून ते जपावं लागतं. म्हणून गाव सोडायच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं, पुढची तपासणी कुठे करायची ते विचारून घ्यायचं. आत खाज सुटली तरी काडी किंवा फूटपट्टी घालायची नाही. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

आता प्लास्टर काढायची वेळ. घर्रर्र आवाज करणारी करवत बघून भल्याभल्यांना घाम फुटतो. पण तिचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी भराभर इकडून तिकडे थरथरतं. कडक प्लास्टर हलू शकत नाही, म्हणून चिरतं. मऊ कातडी मात्र पात्याबरोबर हलते. ही करवत अमेरिकेतले डॉक्टर होमर स्ट्रायकर यांनी 1940 च्या दशकात तयार केली. पातं तापून चटका बसू शकतो, म्हणून डॉक्टर ती कातडीवरून ओढत नाहीत, थोडं दाबून पुन्हा उचलतात. तुम्ही फक्त पाय स्थिर ठेवायचा.

बाहेर आलेला पाय बारीक आणि खवल्या-खवल्यांचा दिसतो. स्नायूंना इतके आठवडे काम नव्हतं, मेलेली कातडी निघाली नव्हती. चालायला लागलात की भरून येईल. हाड जुळलं तिथे नव्या हाडाची गाठ असते. शरीर ती महिनोन्‌महिने तासत राहतं, आणि मुलांच्या हाडांत हे काम इतकं सफाईदार होतं, की पुढे एक्सरेत मोडलेली जागा डॉक्टरांनाही पुष्कळदा सापडत नाही.