‘सगळं धरून’ म्हणजे नक्की काय काय धरून? मालदीवच्या ऑल-इन्क्लुझिव्ह सुट्टीचं गणित

(एपिसोडचा हा थोडा आवरून लिहिलेला मजकूर. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललं गेलं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. मेसेज थोडक्यात असा: ‘आई-बाबांच्या लग्नाला यंदा पस्तीस वर्षं होतायत. बाबा रिटायर झालेत, आई शाकाहारी आहे. आईची आजवर अशी एकही सुट्टी झाली नाही, जिच्यात “संध्याकाळी जेवायला काय?” हे तिला बघावं लागलं नाही. आम्ही चौघं मालदीवला चार रात्री जायचं म्हणतोय. दोन वर्षं साठवलेले पैसे आहेत, परत लगेच जमणार नाही. एजंट म्हणतो, ऑल-इन्क्लुझिव्ह घ्या, डोक्याला ताप नाही. घ्यावं का?’

उत्तर आधीच देतो: घ्या, पण ‘ऑल’मध्ये काय काय येतं ते लेखी मागून मगच. कारण या पॅकेजमध्ये तुम्ही खरं तर जेवण विकत घेत नाही. दर वेळी ‘याचे किती?’ हा प्रश्न पडू नये, यासाठी पैसे मोजता. तिथे जाऊन आई प्रत्येक चहाआधी मेन्यूतली किंमत बघणार असेल, तर पैसे वाया गेले असं समजा.

ही कल्पना आली कुठून

१९५० साली जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसाने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे तंबूंचं एक सुट्टी-गाव उभारलं. तोच क्लब मेड. राहणं, जेवण, खेळ सगळं एका रकमेत. पण गंमत बघा, त्या गावांमध्ये बारमधल्या पेयांचे पैसे मात्र वेगळे असायचे आणि ते मण्यांच्या माळेतले मणी देऊन चुकवायचे. म्हणजे ‘सगळं धरून’च्या खाली बारीक अक्षरं तेव्हापासूनच आहेत!

मालदीवचं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली सुरू झालं. पुढे तिथे एक पद्धत रुळली: एका बेटावर एकच रिसॉर्ट. ऑल-इन्क्लुझिव्हचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. गोव्यात हॉटेलचं जेवण महाग वाटलं, तर तुम्ही बाहेर पडता आणि रस्त्यापलीकडे फिश थाळी खाता. मालदीवच्या रिसॉर्टवर रस्त्यापलीकडे समुद्र आहे. बहुतेक खाद्यपदार्थ परदेशातून आयात होऊन मग बोटीने बेटावर येतात, त्यामुळे पाण्याच्या बाटलीपासून सगळ्याला किंमत लागते. म्हणून गोव्यात ऑल-इन्क्लुझिव्ह ही बऱ्याचदा चैन असते आणि मालदीवला ती बऱ्याचदा काटकसर ठरते.

चार पाट्या, चार अर्थ

बुकिंग करताना चार प्रकार दिसतील.

बेड अँड ब्रेकफास्ट: फक्त नाश्ता. बेटावर हे सगळ्यात स्वस्त दिसतं आणि शेवटी सगळ्यात महाग पडू शकतं.

हाफ बोर्ड: नाश्ता आणि रात्रीचं जेवण. जेवणासोबतचं पेय सहसा धरलेलं नसतं. कित्येक ठिकाणी टेबलावर आलेल्या पाण्याचंही बिल येतं.

फुल बोर्ड: तिन्ही जेवणं. पेयांचं पुन्हा तेच, विचारून घ्या.

ऑल-इन्क्लुझिव्ह: तिन्ही जेवणं आणि पेयं. पण इथेही बेसिक, प्रीमियम अशा पायऱ्या असतात. कुठे बुफे रेस्टॉरंटच धरलेलं असतं आणि बाकीच्या रेस्टॉरंटमध्ये फक्त सवलत मिळते. कुठे मिनीबार आहे, कुठे नाही. कुठे स्नॉर्केलिंगचं सामान आणि एक बोटीची सहल धरलेली असते, कुठे मास्कचंही भाडं लागतं.

आकडे मांडून बघू

आता गणित. हे आकडे उदाहरणापुरते घेतलेत. तुमच्या रिसॉर्टचं मेन्यूकार्ड मेलवर मागवा आणि त्यातले आकडे घाला.

समजा हाफ बोर्ड आणि ऑल-इन्क्लुझिव्ह यांत माणशी दिवसाला ९० डॉलरचा फरक आहे, कर धरून. दारू न घेणाऱ्या माणसाचा दिवस धरा: दुपारचं जेवण ३५, पाण्याच्या दोन बाटल्या १२, दोन चहा-कॉफी १०, एक ज्यूस १०. झाले ६७ डॉलर. यावर सर्व्हिस चार्ज आणि कर मिळून साधारण २८.७ टक्के चढतात, म्हणजे ८६ डॉलर. जवळपास बरोबरीच. याच माणसाने १६ डॉलरची दोन कॉकटेल घेतली, की ६७चे ९९ होतात आणि कर धरून १२७. तिथे ऑल-इन्क्लुझिव्ह सरळ जिंकतं.

मग दारू न घेणाऱ्या आई-बाबांसाठी काय? त्यांच्यासाठी हा सौदा पैशाच्या दृष्टीने जेमतेम बरोबरीत सुटतो. पण बरोबरीत सुटत असेल तरी घ्या असं मी म्हणेन. कारण आपल्या आयांना आपण ओळखतो. ‘नको रे, भूक नाही’ असं म्हणून सहा डॉलरचा चहा न पिणारी आई तुमच्याही घरात असेल. आधीच पैसे भरले आहेत म्हटल्यावर तीच आई दुसऱ्यांदा चहा मागते.

एक अट मात्र बऱ्याच ठिकाणी असते: एका खोलीतल्या सगळ्यांनी एकच प्लॅन घ्यायचा. दोन खोल्या असतील, तर एका खोलीला फुल बोर्ड आणि दुसरीला ऑल-इन्क्लुझिव्ह चालतं का, हे विचारून बघा.

किमतीपुढची दोन अधिक चिन्हं

काही कोटेशनमध्ये किमतीपुढे ‘++’ असं दिसेल. त्याचा अर्थ सर्व्हिस चार्ज आणि कर वेगळे. सर्व्हिस चार्ज १० टक्के असतो. त्यावर पर्यटन वस्तू-सेवा कर, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. कर सर्व्हिस चार्जसकटच्या रकमेवर लागतो, म्हणून १,००० डॉलरचे १,२७० न होता १,२८७ होतात. मघाचे २८.७ टक्के इथून आले.

याशिवाय ग्रीन टॅक्स. २०२५ च्या सुरुवातीपासून रिसॉर्टवर तो माणशी एका रात्रीला १२ डॉलर आहे. चौघं, चार रात्री: १९२ डॉलर. कोटेशनमध्ये तो धरलाय की चेक-आउटला मागणार, हे विचारा. विमानतळाचा डिपार्चर टॅक्सही २०२४ च्या डिसेंबरपासून वाढलाय, पण तो सहसा विमानाच्या तिकिटातच असतो.

भारतातल्या टूर कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं, तर त्यावर टीसीएस कापला जातो. तो खर्च नसून आगाऊ भरलेला कर आहे. ज्याच्या पॅनवर कापलाय त्याने रिटर्न भरताना वळता करून घ्यायचा. बाबांच्या पॅनवर बुकिंग करणार असाल, तर त्यांचं रिटर्न भरायला विसरू नका. रिसॉर्टचं बिल डॉलरमध्ये होतं, त्यामुळे आपल्या कार्डाचा परकीय चलनाचा आकार किती टक्के आहे तेही आधी बघा.

खरी गोची: बेटावर पोचायचं कसं

माझ्या मते प्लॅनिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि लोक तो सगळ्यात शेवटी बघतात. वेलाना विमानतळ मालेजवळच्या एका बेटावर आहे. तिथून रिसॉर्टला जायला तीन मार्ग: स्पीडबोट, सीप्लेन, किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट.

सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. त्यामुळे तुमचं विमान साधारण दुपारी साडेतीनच्या आत मालेला उतरलं पाहिजे. संध्याकाळचं स्वस्त तिकीट घेतलंत, तर पहिली रात्र मालेमध्ये किंवा शेजारच्या हुलहुमालेमध्ये काढावी लागते. हॉटेलचा खर्च वेगळा आणि चारपैकी एक रात्र हातची गेली. परतीलाही तसंच: सकाळी लवकरचं विमान असेल, तर आदल्या दिवशीच बेट सोडावं लागू शकतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी रिसॉर्ट, मग त्याच्या ट्रान्स्फरच्या वेळा आणि मग विमानाचं तिकीट.

पैशाचंही बघा. सीप्लेनचे जाऊन-येऊन माणशी चारशे डॉलर किंवा त्याहून जास्त सहज होतात. सामानाची मर्यादा साधारण २० किलो आणि हातातली ५ किलोची बॅग. विमान लहान असतं, आवाज मोठा असतो, चढा-उतरायला अरुंद शिडी. बाबांचे गुडघे दुखत असतील, तर माझा सल्ला सरळ आहे: मालेपासून स्पीडबोटीने तासाभरात पोचता येईल असंच रिसॉर्ट निवडा. वरून दिसणारी प्रवाळबेटं बघायची राहतील, पण वाचलेल्या पैशात कदाचित एक रात्र वाढेल.

आईच्या ताटात काय

मालदीवचं जेवण म्हणजे मुख्यतः ट्यूना आणि नारळ. नाश्त्याला ‘मास हुनी’ दिसेल: खोबरं, कांदा, मिरची आणि त्यात बारीक केलेला ट्यूना. सोबत आपल्या चपातीसारखी ‘रोशी’. लांबून अगदी खोबऱ्याच्या कोशिंबिरीसारखं दिसतं, म्हणून शाकाहारी माणसाने विचारूनच वाढून घ्यावं.

बऱ्याच रिसॉर्टच्या बुफेमध्ये भारतीय पदार्थ असतात, पण रोज असतात का आणि वरण-भाताच्या जवळचं काही मिळतं का, हे मेलवर विचारा. ‘व्हेज’ एवढंच लिहून भागत नाही. ‘मांस, मासे, अंडं चालत नाही; माशाचा स्टॉकही नको’ असं स्पष्ट लिहा. कांदा-लसूण खात नसाल, तर तेही. जेवायची सोय एकाच बुफेत आहे की तीन-चार ठिकाणी, हेही बघा; चार रात्रींना एक बुफे चालतो, सातला कंटाळा येतो.

खोली निवडताना पाण्यावरचा व्हिला फोटोत छान दिसतो. पण तो जेट्टीच्या टोकाला असतो, जेवायला दर वेळी चालत यायचं किंवा बग्गीची वाट बघायची. आई-बाबांसाठी रेस्टॉरंटजवळचा किनाऱ्यावरचा व्हिला जास्त सुखाचा आणि बहुधा स्वस्तही. पोहता येत नसेल, तर उथळ लगून असलेलं बेट निवडा. पोहता येणाऱ्यांनी ‘हाउस रीफ’ किनाऱ्यापासून किती लांब आहे ते विचारावं; ते जवळ असेल तर स्नॉर्केलिंगला बोटीचे पैसे लागत नाहीत.

कधी जायचं, बॅगेत काय नको

डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, समुद्र शांत, दर चढे. नाताळ-नववर्षाला अनेक रिसॉर्ट सक्तीच्या ‘गाला डिनर’चे वेगळे पैसे लावतात, ऑल-इन्क्लुझिव्ह असलं तरी. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ. दर उतरतात, पण चारपैकी दोन दिवस ढगाळ जाऊ शकतात, याची मनाची तयारी हवी.

भारतीय पासपोर्टवर पोचल्यावर पर्यटक व्हिसा फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि बुकिंग दाखवावं लागतं. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या सरकारी साइटवर फॉर्म भरायचा. तोही फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल, तर ती सरकारी नव्हे, बंद करा.

दारूची बाटली नेता येत नाही. ड्यूटी फ्रीमधली असली तरी कस्टम्स काढून ठेवतं. व्हेपही चालत नाही. आणि आपल्याकडच्या लोकांना हमखास माहीत नसलेली गोष्ट: पूजेसाठी मूर्ती नेण्यास मनाई आहे. आईच्या पर्समध्ये छोटा गणपती असतोच, तेव्हा निघण्याआधी तिला नीट समजावून सांगा. विमानतळावर कुणीतरी तो काढून ठेवणं, ही सुट्टीची सुरुवात नको.

रिसॉर्टला पाठवायचा एक मेल

एवढं सगळं लक्षात राहणार नाही, म्हणून सात प्रश्न. कॉपी करा आणि पाठवा.

१. ही किंमत सर्व्हिस चार्ज, कर आणि ग्रीन टॅक्स धरून आहे का?
२. ट्रान्स्फर धरलाय का? कोणता, आणि शेवटची वेळ काय?
३. प्लॅनमध्ये कोणकोणती रेस्टॉरंट येतात?
४. पाणी, चहा-कॉफी, ज्यूस दिवसभर धरलेत का, की फक्त जेवणासोबत?
५. शेवटच्या दिवशी चेक-आउटनंतर जेवण आणि पेयं चालू राहतात का?
६. स्नॉर्केलिंगचं सामान आणि सहली यांतलं काय धरलंय?
७. शाकाहारी जेवणाची रोजची सोय काय?

उत्तरं लेखी आली, की ती फोनमध्ये सेव्ह करा आणि मग चौघांपैकी एकानेच हिशेब बघायचा. तो एक जण म्हणजे मेसेज पाठवणारे तुम्ही. आई-बाबांना एकही किंमत कळू द्यायची नाही. आणि तुमचा लॅपटॉप? वाय-फाय तिथे असतं, अडचण तीच आहे. ऑन-कॉलची पाळी आधीच कुणाशी तरी बदलून घ्या.

बजेटमध्ये बसत नसेल, तर ओढाताण करू नका. मालवण-तारकर्लीला घरगुती मुक्काम घ्या, तिन्ही वेळचं जेवण सांगून ठेवा. समुद्र तिथेही आहे आणि आईला स्वयंपाक तिथेही करावा लागणार नाही.

तुमच्या कोटेशनमध्ये काही विचित्र ओळ दिसली, तर मेसेज करा, पुढच्या भागात बघू. भेटू या, काळजी घ्या.