आत्या, आतेबहीण आणि २८ खोल्या

ऑक्टोबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सफक काउंटीचे आरोग्य अधिकारी ईस्ट हॅम्प्टनमधल्या एका बंगल्यात शिरले. समुद्रकाठचं हे गाव अमेरिकेतल्या गर्भश्रीमंतांचं. बंगल्याचं नाव ग्रे गार्डन्स, खोल्या २८. आत कचऱ्याचे ढीग, मांजरांची घाण, पोटमाळ्यावर रॅकून. आणि या सगळ्यात राहणारी पंचाहत्तरी ओलांडलेली आई आणि पन्नाशी ओलांडलेली लेक. दोघींचंही नाव ईडिथ बील. आई राष्ट्राध्यक्षपत्नी राहिलेल्या जॅकलिन केनेडींची सख्खी आत्या, लेक आतेबहीण. या नात्यामुळे बातमी देशभर पसरली.

१९७२ मध्ये जॅकलिन आणि त्यांची बहीण ली राड्झिविल यांनी घर साफ करून घेतलं, डागडुजी करवली. लीला आपल्या लहानपणावर एक चित्रपट हवा होता. त्यासाठी आलेले अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स हे भाऊ या मायलेकींपाशीच थांबले आणि १९७५ मध्ये ‘ग्रे गार्डन्स’ हा माहितीपट तयार झाला. निवेदक नाही, तज्ज्ञांच्या मुलाखती नाहीत. दीड तास बहुतांशी या दोघीच. तरीही लोक तो पुन्हा पुन्हा पाहतात. त्यावर २००६ मध्ये ब्रॉडवेवर संगीतिका आली, २००९ मध्ये कथापट आला, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची नोंद झाली. परक्या घरातल्या दोन तऱ्हेवाईक बायकांमध्ये माणसं इतकी का गुंततात?

पहिलं उत्तर सहज सुचतं: घाण पाहण्याचं कुतूहल. त्याला प्रयोगांचा आधारही आहे. अ‍ॅमस्टरडॅममधल्या मानसशास्त्रज्ञ सुझान ओस्टरवाइक यांनी २०१७ मध्ये दाखवलं की, निवड करायला दिली तर माणसं अस्वस्थ करणारी चित्रंही आपणहून निवडतात, विशेषतः त्यांत माणसं असतील तर. दुसरं आकर्षण बड्या घराण्याचं. ते तर आपल्याहून जुनं आहे. २००५ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या डीनर, खेरा आणि प्लॅट यांनी ऱ्हीसस माकडांना फळांचा रस आणि कळपातल्या इतरांचे फोटो यांत निवड दिली. वरच्या दर्जाच्या माकडांचे चेहरे पाहण्यासाठी ती थोडा रस सोडायला तयार होती. खालच्या दर्जाच्या माकडांकडे पाहण्यासाठी मात्र पाहणाऱ्यांनाच जास्तीचा रस द्यावा लागला. राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीची आत्या आणि ढासळलेलं घर, या जोडीत दोन्ही ओढी एकत्र आल्या.

पण हे कुतूहल फार तर पहिली पंधरा मिनिटं पुरतं. नाक मुरडून पाहायला बसलेला प्रेक्षक पुढे कचरा विसरतो आणि भांडण ऐकू लागतो. माझ्या मते या चित्रपटाचं खरं बळ त्या भांडणात आहे. १९५२ मध्ये लेक, म्हणजे धाकटी ईडी, न्यूयॉर्क शहर सोडून आईकडे परतली. का परतली, यावर दोघींचं एकमत नाही. लेकीच्या मते आईच्या देखभालीसाठी तिला आपलं आयुष्य सोडावं लागलं; आईला ते मान्य नाही. कुठलं स्थळ कोणी परतवलं, गाण्यात कोणाची कारकीर्द व्हायला हवी होती, सगळी उणीदुणी निघतात. आई पलंगावर बसून जुनी गाणी म्हणते. मध्येच तिथेच शेगडीवर मक्याची कणसं उकडली जातात. मग पुन्हा तोच वाद.

मेसुडी, व्हाइटन आणि डनबार यांनी २००६ मध्ये ब्रिटनमध्ये केलेला एक प्रयोग इथे आठवतो. एकाने मजकूर वाचायचा, आठवून लिहायचा, ते पुढच्याने वाचायचं. कानगोष्टीच्या खेळासारखी ही साखळी. माणसामाणसांतल्या व्यवहारांचा मजकूर इतर माहितीपेक्षा जास्त प्रमाणात आणि जास्त अचूक पुढे गेला. विशेष म्हणजे त्यात भानगड असण्याची गरज नव्हती. साधा संबंधांचा तपशीलही तितकाच टिकला. कोण कोणाशी कसं वागलं, हे आपली स्मृती घट्ट धरून ठेवते. मोठ्या गटात राहणाऱ्या प्राण्याला ही माहिती जगण्यासाठीच लागते, असं डनबार मांडत आले आहेत.

आणखी एक गोष्ट या चित्रपटात घडते. धाकटी ईडी डोक्याला कापड गुंडाळून (तिचे केस गळून गेले होते) कॅमेऱ्यासमोर येते आणि आजचा पोशाख कसा जुळवला ते समजावून सांगते. आईला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणते. बोलणं असतं मेझल्स बंधूंशी, पण गुपित कळतं आपल्याला. हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहिलं होतं की पडद्यावरचं माणूस थेट आपल्याशी बोललं, की ओळख एकतर्फी असूनही आपुलकी खरी वाटते. ईडीच्या बाबतीत ती किती खोल जाते, हे तिचे संवाद पाठ असलेल्या प्रेक्षकांना विचारावं.

या दोघींना कोणता आजार होता, हा प्रश्न बहुतेक प्रेक्षकांच्या ओठांवर येतो. चित्रपट पाहून निदान करणं चुकीचंच. पण योगायोग असा की त्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात क्लार्क, मंकीकर आणि ग्रे यांचा शोधनिबंध आला. घाणीत, स्वतःकडे पूर्ण दुर्लक्ष करून राहणाऱ्या ३० वृद्धांचा तो अभ्यास होता. या अवस्थेला त्यांनी ‘डायोजिनीस सिंड्रोम’ हे नाव दिलं. त्यांतल्या निम्म्यांमध्ये कोणताही मानसिक आजार आढळला नाही. बरेच जण बुद्धिमान होते, चांगल्या नोकऱ्या केलेले, चांगल्या घरांतले. विस्कटलेलं घर दिसलं की आपण ‘वेडी’ म्हणून मोकळे होतो, त्या सवयीला हा निष्कर्ष सरळ छेद देतो.

साफसफाईच्या आग्रहाबद्दलही विज्ञान सावध आहे. वस्तू टाकून देता न येण्याचा, म्हणजे साठवणुकीचा, विकार २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्रपणे नोंदवला गेला. त्याआधी वर्षभर डेव्हिड टोलिन यांच्या गटाने अशा रुग्णांना घरची कागदपत्रं आणायला सांगितली आणि ‘ठेवायचं की फाडायचं’ हे ठरवताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. दुसऱ्याचे कागद असले की मेंदूतले महत्त्वमापनाचे भाग नेहमीपेक्षा थंड; स्वतःचे आले की तेच भाग अति सक्रिय. हा आळस नाही. वस्तूचं मोल ठरवण्याची यंत्रणाच वेगळी चालते. बील मायलेकींना हा विकार होता असं मी म्हणत नाही. पण बाहेरच्यांनी घर रिकामं केल्याने आतल्या माणसांचं जगणं बदलत नाही, हे त्यांच्या घरातही दिसलं. चित्रपटाच्या सुरुवातीलाच रॅकूनने नव्या भिंतीला पाडलेलं भोक आहे.

चित्रपट आला तेव्हा काही समीक्षकांनी तो शोषण करणारा ठरवला. तो आक्षेप मी हलका मानत नाही. वृद्ध आईच्या अंगावरचे कपडे घसरतात तेव्हा कॅमेरा हटत नाही, आणि तिथे मलाही डोळे वळवावेसे वाटतात. पण दोघींनी स्वतः चित्रपट पाहिला आणि त्यांना तो आवडला. संकलन करणाऱ्या एलन होव्डी आणि मफी मायर यांची नावं दिग्दर्शकांत आहेत, ते योग्यच आहे: तासन्‌तास चाललेल्या बोलण्यातून मायलेकींचा वाद त्यांनीच शोधून काढला.

फेब्रुवारी १९७७ मध्ये आई गेली. जानेवारी १९७८ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, धाकटी ईडी न्यूयॉर्कमधल्या एका नाइटक्लबच्या मंचावर उभी राहून गायली आणि नाचली. १९७९ मध्ये तिने बंगला विकला, तोही पाडणार नाही असं म्हणणाऱ्यांनाच: पत्रकार बेन ब्रॅडली आणि सॅली क्विन यांना. पुढे ती फ्लोरिडात राहिली आणि २००२ मध्ये वारली. घर आणि आई दोन्ही मागे राहिल्यावरही ती जवळपास पाव शतक स्वतःच्या हिमतीवर जगली, आणि चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं लिहीत राहिली.